घर पाहावे बांधून, मेट्रो पाहावी खणून

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याचे नाव इतिहासाने नोंदवलेले नाही. पण तो गृहस्थ दोन्ही अनुभवांतून चांगलाच पोळून निघालेला असावा, यात शंका नाही. घर बांधायला काढणाऱ्या कुटुंबात पहिल्या दिवशी वहीवर लिहिलेला आकडा आणि वास्तुशांतीच्या दिवशी निघणारी बेरीज यांची सहसा गाठ पडत नाही. मौज अशी की, शेजाऱ्याचे घर दीडपट खर्चात गेले हे आपण डोळ्यांनी पाहिलेले असते. त्याची उसनवारी, त्याच्या बायकोच्या मोडलेल्या बांगड्या, हे सारे ठाऊक असूनही आपले घर मात्र ठरल्या पैशांत आणि ठरल्या दिवशी उभे राहील, अशी आपली अगदी प्रामाणिक समजूत असते. कुटुंबाची ही समजूत कुटुंबापुरती राहते. तीच समजूत शासनाच्या प्रकल्प अहवालात शिरली की तिचा बोजा सबंध समाजावर पडतो.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते मुंबईच्या भुयारी मेट्रोचा अखेरचा टप्पा खुला झाला आणि आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. जमिनीखाली, जुन्या इमारतींच्या पायाखालून, मिठी नदीच्या पात्राखालून नेलेला हा मार्ग पाहून कोणाही भारतीयाची मान ताठ व्हावी. त्या अभियंत्यांचे आणि कामगारांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र २०१३ मध्ये या प्रकल्पाला केंद्राची मंजुरी मिळाली तेव्हा त्याचा अपेक्षित खर्च २३,१३६ कोटी रुपये सांगितला गेला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ३३,४०६ कोटींच्या सुधारित खर्चाला मान्यता दिली, आणि पूर्ण होताना हा आकडा ३७,२७६ कोटींवर पोहोचला. म्हणजे १४ हजार कोटींहून अधिक वाढ. मूळ अंदाजाच्या एकसष्ट टक्के.

या वाढीचे कारण विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांच्या जिभेवर एकच उत्तर असते. महाविकास आघाडीच्या सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये सत्तेवर येताच आरेतील कारशेडचे काम थांबवले, पुढे ती कांजूरमार्गला नेण्याचा घाट घातला, तेथील जमिनीच्या मालकीवरून वाद झाला, डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने त्या जागेवरील कामाला स्थगिती दिली, आणि जुलै २०२२ मध्ये सत्तांतर झाल्यावर कारशेड पुन्हा आरेतच आली. तीन वर्षांचा हा खेळखंडोबा महाराष्ट्राला महाग पडला, हे निर्विवाद आहे. त्यावर याच वर्तुळात पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे आणि ते योग्यच होते. परंतु एकसष्ट टक्क्यांचे सारे खापर त्या तीन वर्षांवर फोडून आपण मोकळे झालो, तर एका मोठ्या दुखण्याकडे आपले दुर्लक्ष होईल. कारण हे दुखणे एका सरकारचे नाही, एका पक्षाचे नाही, आणि केवळ आपल्या देशाचेही नाही.

वांद्रे-वरळी सागरी सेतूचेच पाहा. १९९९ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, तेव्हा सुमारे ६६० कोटी रुपये आणि पाच वर्षे असा हिशेब मांडला होता. मध्ये न्यायालयीन याचिका आल्या, विलंब झाला, व्याज चढत गेले. २००९ च्या जूनअखेरीस सेतू खुला झाला तेव्हा खर्च १,६०० कोटींच्या घरात होता. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो २,३५६ कोटींची म्हणून २००६ मध्ये सुरू झाली. २०१४ मध्ये ती धावू लागली तेव्हा चालक कंपनीने ४,३२१ कोटींचा दावा पुढे केला. शासनाने तो मान्य केला नाही, आणि तो वाद तिकिटाच्या दरापर्यंत येऊन प्रवाशाच्या खिशाशी भिडला. मुंबई-गोवा महामार्गाविषयी कोकणी माणसाला काही सांगायला नको. २०११ मध्ये सुरू झालेले चौपदरीकरण २०२५ च्या गणेशोत्सवातही पूर्ण झालेले नव्हते. दरवर्षी नवी तारीख आणि दरवर्षी तेच खड्डे.

केंद्र सरकारचे सांख्यिकी मंत्रालय दीडशे कोटी व त्यावरील प्रकल्पांचा आढावा नियमितपणे प्रसिद्ध करत आले आहे. मार्च २०२४ च्या आढाव्यात अशा १,८७३ प्रकल्पांपैकी ४४९ प्रकल्पांचा खर्च वाढल्याची आणि ७७९ प्रकल्प रखडल्याची नोंद होती. एकूण वाढ ५ लाख कोटी रुपयांहून अधिक. हा आकडा विरोधकांनी रचलेला नाही, सरकारने स्वतःच प्रामाणिकपणे छापलेला आहे, ही त्यातली समाधानाची बाजू.

आता प्रश्न असा की चुका एकाच दिशेने का होतात? अंदाज चुकणे हा मनुष्यधर्म आहे. परंतु केवळ अज्ञानापोटी चूक होत असती तर काही अंदाज जास्तीचे निघाले असते, काही कमीचे, आणि सरासरीत हिशेब जुळला असता. डॅनिश संशोधक बेंट फ्लिव्हबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस देशांतील २५८ वाहतूक प्रकल्प तपासून २००२ मध्ये आपला अभ्यास मांडला. दहापैकी नऊ प्रकल्पांत प्रत्यक्ष खर्च अंदाजाहून अधिक निघाला. रेल्वेमध्ये सरासरी ४५ टक्के, पूल व बोगद्यांमध्ये ३४ टक्के, रस्त्यांमध्ये २० टक्के. आणि सर्वांत बोचरी गोष्ट म्हणजे सत्तर वर्षांच्या कालखंडात यात काहीही सुधारणा दिसली नाही. यंत्रे बदलली, संगणक आले, मोजमापाची शास्त्रे पुढे गेली, पण चूक तीच आणि तेवढीच. जो विद्यार्थी सत्तर वर्षे एकाच गणितात, एकाच बाजूला चुकतो, त्याला गणित येत नाही असे म्हणावे की त्याला ते बरोबर सोडवायचेच नाही असे म्हणावे?

दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. पहिले उत्तर मानवी मनाचे. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवलेले मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन यांनी स्वतःचाच एक अनुभव सांगितला आहे. इस्रायलमध्ये ते काही सहकाऱ्यांसह एक पाठ्यपुस्तक तयार करीत होते. वर्षभर काम झाल्यावर त्यांनी प्रत्येकाला कागदावर लिहायला सांगितले, हे काम पुरे व्हायला आणखी किती काळ लागेल? सर्वांची उत्तरे दोन वर्षांच्या आसपास आली. मग त्यांनी त्यांच्यातल्याच एका ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञाला विचारले, की अशी कामे हाती घेतलेले इतर गट तुम्ही पाहिलेत, त्यांना किती काळ लागला? तो गृहस्थ विचारात पडला. चाळीस टक्के गटांनी काम अर्ध्यावर सोडले होते आणि उरलेल्यांना सात ते दहा वर्षे लागली होती. गंमत अशी की, हे सारे ठाऊक असलेल्या त्या तज्ज्ञानेही आपल्या चिठ्ठीवर दोन वर्षांच्या आसपासचाच आकडा लिहिला होता! पुस्तक अखेर आठ वर्षांनी पुरे झाले. या प्रवृत्तीला तज्ज्ञ 'आशावादाचा पूर्वग्रह' म्हणतात. माणूस लबाड असतो म्हणून हे घडत नाही. स्वतःच्या कामाकडे आतून पाहताना त्याला योजना दिसते, विघ्ने दिसत नाहीत.

दुसरे उत्तर कमी निष्पाप आहे. अंदाजपत्रके तयार करण्यात ज्यांचे आयुष्य गेले अशा कोणाही निवृत्त अभियंत्याला खासगीत विचारून पाहा. निधी थोडा असतो आणि मागणारे अनेक. ज्याचा आकडा लहान आणि लाभ मोठा, त्याची फाइल पुढे सरकते. एकदा नारळ फुटला, खड्डा खणला गेला, की मग खड्डा तसाच ठेवण्याची कोणाची छाती नसते. त्यापुढे आहेच आपली 'सुप्रमा'. सुधारित प्रशासकीय मान्यता या शब्दाचे हे लाडके लघुरूप महाराष्ट्राच्या शासनव्यवहारात इतके रुळले आहे की त्यातली लाज कधीच निघून गेली. पहिली सुप्रमा, दुसरी सुप्रमा, तिसरी सुप्रमा. प्रत्येक वेळी नवा आकडा पाटीवर येतो आणि जुना पुसला जातो. ज्याने जुना लिहिला होता तो तोवर बदली होऊन गेलेला असतो किंवा निवृत्तिवेतन घेत असतो. शासकीय खजिन्याचे अपहरण करण्याचे चाळीस प्रकार कौटिल्याने मोजून ठेवले आहेत. अंदाज कमी लिहिणे हे रूढ अर्थाने अपहरण नव्हे, पण त्या सूचीच्या शेजारी त्याची जागा निश्चित आहे. कारण ज्या प्रामाणिक अधिकाऱ्याने आपल्या तालुक्यातल्या पुलाचा खरा आकडा लिहिला, त्याचा पूल मागे पडतो आणि आकडा दाबून लिहिणाऱ्याचा पुढे जातो. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपल्याला लहानपणी शिकवले. इथे अंथरूण मोजणाऱ्यानेच ते दीड हात वाढवून सांगितलेले असते.

ब्रिटिशांनी यावर एक उपाय योजला. त्यांच्या अर्थखात्याने २००३ मध्ये प्रकल्पांच्या मूल्यमापनाची नियमावली सुधारताना आशावादाच्या पूर्वग्रहाची भरपाई करणे बंधनकारक केले, आणि २००४ मध्ये तेथील वाहतूक खात्याने त्याचे तपशीलवार कोष्टक प्रसिद्ध केले. त्याचे तत्त्व इतके सोपे आहे की प्रस्तुत लेखकासारख्या कलाशाखेच्या पदवीधरालाही ते कळावे. तुमच्या प्रकल्पाची वैशिष्ट्ये बाजूला ठेवा. यापूर्वी त्याच जातीचे प्रकल्प किती वाढले ते पाहा, आणि तेवढी वाढ पहिल्याच दिवशी आपल्या अंदाजात मिळवा. रेल्वे प्रकल्प मंजूर आकड्यात बसण्याची शक्यता निम्मी असलेली चालत असेल, तर अंदाजात ४० टक्के वाढवा. ती ऐंशी टक्के हवी असेल, तर ५७ टक्के वाढवा. रस्त्यांसाठी हेच आकडे अनुक्रमे १५ आणि ३२.

आता मुंबईच्या भुयारी मेट्रोकडे परत या. २३,१३६ कोटींच्या मूळ अंदाजात २००४ च्या त्या कोष्टकातील ५७ टक्के मिळवले तर किती होतात? ३६,३२३ कोटी. प्रत्यक्षात लागले ३७,२७६. ज्यांना आरे ठाऊक नव्हते, कांजूरमार्ग ठाऊक नव्हते, २०१९ ची निवडणूक आणि करोनाची महामारी ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, त्यांच्या कोष्टकाने आपल्या तज्ज्ञांच्या अहवालापेक्षा कितीतरी जवळचा आकडा दिला असता. यात योगायोगाचा अंश असेल. एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडू नये. पण त्यातली मेख लक्षात घेण्याजोगी आहे. कोणते विघ्न येईल हे कोणीच सांगू शकत नाही; कोणते तरी येईलच, हे मात्र जुना अनुभव सांगतो. एका दशकात याचिका येते, एका दशकात हट्टी मुख्यमंत्री, एका दशकात साथीचा रोग. विघ्नाचे नाव बदलते, त्याची किंमत फारशी बदलत नाही. म्हणून विघ्नाला धक्कादायक अपवाद मानण्याऐवजी त्याला हिशेबात धरणे शहाणपणाचे.

आणि हे आपल्याला नवे आहे काय? शिबिराची भोजनव्यवस्था पाहणारा जुना कार्यकर्ता आठवा. नवा उत्साही तरुण सांगतो, "यंदा पाचशेची नोंदणी आहे, सर्व येणार!" जुना कार्यकर्ता त्याच्या उत्साहावर पाणी टाकत नाही. तो शांतपणे मागच्या चार शिबिरांची वही उघडतो, नोंदणी किती आणि पंगतीला किती बसले ते पाहतो, आणि शिधा त्या प्रमाणात भरतो. त्याला कोणी निराशावादी म्हणत नाही. त्याच्यामुळे कोणी उपाशी राहत नाही आणि अन्न उकिरड्यावरही जात नाही. ब्रिटिश अर्थखात्याने त्याच वहीचे नियमात रूपांतर केले, एवढेच.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. खरा आकडा आधी सांगितला असता तर कोकण रेल्वे झाली असती का? अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९६७ मध्ये असाच युक्तिवाद केला होता. अडचणी आधी दिसत नाहीत हे बरेच, कारण दिसल्या असत्या तर माणसाने मोठी कामे हातीच घेतली नसती, आणि अडचणी आल्यावर तोच माणूस त्यांवर मात करण्याची स्वतःलाही अज्ञात असलेली शक्ती दाखवतो. कोकण रेल्वेच्या बाबतीत हे वाचताना क्षणभर पटते. नाथ पै आणि मधु दंडवते विचारांनी आपल्या छावणीतले नव्हते, पण कोकणी माणसाच्या त्या स्वप्नासाठी त्यांनी जे केले त्याबद्दल कृतज्ञताच हवी. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन यांनी सूत्रे हाती घेतली, पाच वर्षांचे उद्दिष्ट ठरले. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून आंदोलन पेटले. पेडण्याच्या बोगद्यात चिखलासारखी माती वारंवार कोसळत राहिली. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. साडेतीन हजार कोटींचा हा मार्ग बव्हंशी कर्जरोख्यांवर उभा होता, आणि अपेक्षेएवढी मालवाहतूक न आल्याने त्या व्याजाचे ओझे महामंडळाने पुढे वर्षानुवर्षे वाहिले. गाडी आली, पण आशावादाचे व्याजही आले.

या आक्षेपाचे खरे उत्तर काश्मीरमध्ये मिळते. उधमपूर-श्रीनगर-बारामुल्ला या २७२ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाचा प्रारंभीचा अंदाज अडीच हजार कोटींचा होता. अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने २००२ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प घोषित केला आणि १५ ऑगस्ट २००७ ही तारीख दिली. ६ जून २०२५ रोजी चिनाबच्या पात्रापासून ३५९ मीटर उंचीवरच्या पुलावरून पंतप्रधानांनी तिरंगा नेला, तेव्हा एकूण खर्च ४३,७८० कोटींच्या आसपास होता. साडेसतरा पट! त्यात तीन दशकांची भाववाढ आहे, बदललेली आखणी आहे, दहशतवाद आहे, हिमालयाचा ठिसूळ खडक आहे. पण वाजपेयींनी त्याला राष्ट्रीय प्रकल्प म्हटले याचा अर्थच असा, की हा निर्णय नफ्यातोट्याच्या तराजूवर घेतलेला नव्हता. काश्मीर उर्वरित भारताशी रुळांनी जोडले जावे यासाठी देश किंमत मोजायला सिद्ध होता. खरा आकडा सांगितला असता तर या देशाने पाठ फिरवली असती, असे मानणे हा देशाच्या संकल्पशक्तीचा अपमान आहे. उलट खरा आकडा ठाऊक असता तर वार्षिक तरतूद त्या प्रमाणात झाली असती. अडीच हजार कोटींच्या कामाला जेवढा निधी द्यावा तेवढा देत राहिलो, तर चाळीस हजार कोटींचे काम पुरे कधी होणार?

या उपायाला जादूची कांडी मात्र समजू नये. ब्रिटनची ही पद्धत पहिल्याने वापरली गेली ती एडिंबराच्या ट्रामयोजनेतील एका मार्गासाठी, २००४ मध्ये. पुढे त्या शहरात जी ट्राम प्रत्यक्षात आली तिचा मार्ग मूळ आखणीपेक्षा आखूड झाला, ती तीन वर्षे उशिरा २०१४ मध्ये धावली, आणि ५४ कोटी ५० लाख पौंडांची मर्यादा ओलांडून ७७ कोटी ६० लाख पौंडांवर गेली. लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या त्यांच्या वेगवान रेल्वेचा उत्तरेकडचा टप्पा तर ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्दच करावा लागला. राखीव रक्कम आहे असे दिसले की ती खर्च करण्याची वाटही माणसे शोधतात, आणि कंत्राटदाराला तिचा वास लागला तर त्याची निविदा तेथूनच सुरू होते. म्हणून ही वाढीव रक्कम प्रकल्प राबवणाऱ्या यंत्रणेच्या हाती असता कामा नये. ती अर्थखात्याच्या कुलुपात राहावी आणि प्रत्येक रुपया मागताना कारण लिहून द्यावे लागावे. याची दुसरी बाजूही आपल्याकडे आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी आलेली ३,६०० कोटींची खासगी निविदा नितीन गडकरी यांनी नाकारली आणि राज्याच्या रस्ते विकास महामंडळाने तो जवळपास निम्म्या खर्चात केला, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. सांगावीच. पण अशा कथा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, आणि बोटांवर मोजता येणाऱ्या कथांवर देशाचे अंदाजपत्रक उभारता येत नाही.

ब्रिटनचे टक्के मात्र उसने आणू नयेत. आपली भूमी वेगळी, आपले भूसंपादन वेगळे, आपला पावसाळा वेगळा. सांख्यिकी मंत्रालयाकडे दशकांच्या नोंदी आहेत. त्यांतून आपली स्वतःची कोष्टके तयार होऊ शकतात: भुयारी मेट्रोचे वेगळे, हिमालयातील बोगद्यांचे वेगळे, कोकणातील रस्त्यांचे वेगळे. नीती आयोगाने हे काम हाती घ्यावे. २०१५ पासून पंतप्रधान स्वतः 'प्रगती' बैठकांत रखडलेल्या प्रकल्पांचा आढावा घेत आले आहेत. तो आढावा रोग झाल्यानंतरचा उपचार आहे. ही कोष्टके जन्माच्या वेळचे वजन सांगतील. आणि एक अगदी लहानशी सूचना. आपल्याकडे प्रत्येक कोनशिलेवर मान्यवरांची नावे पदांसह कोरलेली असतात. त्याखाली एक ओळ वाढवावी: त्या दिवशीचा अंदाजित खर्च आणि पूर्ततेची तारीख. संगमरवरावरचा आकडा सुप्रमेने पुसला जात नाही.

नागपूर ते गोवा हा शक्तिपीठ महामार्ग आज महाराष्ट्रासमोर आहे. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर जोडणाऱ्या या मार्गाविषयी आपल्या वर्तुळात साहजिकच आत्मीयता आहे. कोल्हापूर-सांगलीतल्या बागायतदारांच्या मनात धास्ती आहे आणि तीही खरी आहे. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मान्यता दिली तेव्हा ८०२ किलोमीटर आणि ८६,३०० कोटी रुपये असे आकडे होते. भूसंपादन व नियोजनासाठी २०,७८७ कोटींची तरतूद होती. मान्यतेनंतर आखणीतल्या बदलांची चर्चा सुरू झालीच आहे. ब्रिटिशांचे रस्त्यांसाठीचे ३२ टक्के, केवळ उदाहरणादाखल, यात मिळवले तर १ लाख १४ हजार कोटींच्या आसपास रक्कम होते. ती देण्याची महाराष्ट्राची तयारी असेल तर हा मार्ग अवश्य व्हावा. पण विधानसभेत त्यावर चर्चा होताना सदस्यांच्या हातातल्या कागदावर दोन्ही आकडे छापलेले असावेत, आणि ज्या शेतकऱ्याची जमीन जाणार आहे त्यालाही ते दोन्ही वाचता यावेत.